सेनापती दुसऱ्या देशात जन्मले असते तर

२ फेब्रुवारी

बाळ्या,

आधी आपली पत्रं उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. पोस्टमन सांगत होता, जुने साहेब निवृत्त झाले, नवे आलेत. तर साहेब, तुमची डोकेफोड नको म्हणून ओळख करून देते. मी ताई, वय एकसष्ट, सेनापतींच्या जन्मघराची राखणदार. झाडलोट मी करते, घड्याळाला चावी मी देते, पाहुण्यांना पाळणा मी दाखवते आणि वेळ संपली की घंटाही मीच वाजवते. हे पत्र ज्याला जाणार तो माझा धाकटा भाऊ, नदीपलीकडे शाळेत मास्तर. लढाई पेटली तेव्हा पंधरा वर्षांचा होता, तिकडच्या वसतिगृहात राहून शिकत होता. 'परीक्षा देऊन येतो' म्हणून गेला. सेनापतींनी लढाई नदीपर्यंत आणली, तिथे तह झाला, नदीची सरहद्द झाली आणि याची परीक्षा काही संपली नाही. एक्केचाळीस वर्षं झाली.

सेनापती नदीपलीकडच्यांचे, पण जन्मघर राहिलं आमच्या काठावर. म्हणून तहात एक कलम आहे. ते काचेत घालून भिंतीवर टांगलंय, मी प्रत्येक पाहुण्याला मोठ्याने वाचून दाखवते: 'दोन्ही देशांतल्या कुणाही माणसाला सेनापतींच्या जन्मस्थळाच्या दर्शनापासून अडवू नये, नदीवरचा पूल मात्र त्यांच्या वाढदिवशी सहाच तास उघडावा.' एरवी दोन्ही सरकारं माणसाला देशाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी पूल खरोखरच उघडायला लागला, तेव्हापासून माझा भाऊ सेनापतींचा कट्टर भक्त आहे. झाली ओळख.

आता तू. आई बरी आहे. बरी म्हणजे, पडल्यापासून कंबर धरलीय ती धरलीच आहे, खाटेवरून दारापर्यंत जाते आणि दाराला शिव्या देऊन परत येते. पण वाढदिवसाला, वीस मेला, जन्मघरातल्या बाकावर नेऊन बसवायचं असं तिने आत्तापासून बजावलंय. पेन्सिलीला टोकही काढून ठेवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई छप्पन वर्षांच्या मुलाला दाराच्या चौकटीला उभं करून त्याची उंची मोजते! परवा एक पाहुणा त्या रेघांपुढे हात जोडून उभा होता. सेनापतींच्या लहानपणीच्या रेघांत तुझ्या एकोणीस रेघा मिसळल्यात हे त्याला कोण सांगणार. 'म्हातारपणी सेनापती खचले होते वाटतं,' म्हणाला. मी मान डोलावली.

वाढदिवसाच्या आधी पाळणा नीट करून घ्यावा म्हणून सुतारकाकांना बोलावलं होतं. त्यांनी पाळणा उलटा करून तळाची फळी काढली. बरीच धूळ निघाली.

बाळ्या, आपला 'असतं तर'चा खेळ आठवतो? एक सुचलंय. सेनापती इथे जन्मलेच नसते तर? समज, त्यांची आई दिवस भरत आलेले असताना नवऱ्याकडे यायला निघाली, वाटेत उत्तरेच्या खिंडीपलीकडे, त्या तिसऱ्याच देशात, बर्फाने रस्ता अडला. उतारूंच्या एका सराईत थांबली. तिथे हे जन्मले. पाळणाही तिथल्याच सुताराचा. बाळ बारा दिवसांचं झाल्यावर इथे आणलं आणि पुढे कुणी विचारलंच नाही. असं असतं, आणि ते एखाद्याला कळलं असतं, तर त्याने काय करायला हवं होतं? तू काय केलं असतंस? नीट विचार करून लिही. आणि हे लिहिताना माझा डावा हात कुठे आहे ते ओळख.

ताई

&nbsp;

१९ फेब्रुवारी

ताई,

साहेबांना माझाही नमस्कार.

डावा हात म्हणे कुठे आहे! उतू जाणाऱ्या दुधाच्या भांड्यावर असणार, आणि भाजलाही असणार. एक काम धड करशील तर ती ताई कसली!

पण खेळ काय काढलास गं! दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. ऐक. सराईत जन्मलेलं पोर कशाला कुठे जातंय? त्याची आई म्हणाली, 'आता मी हलत नाही, ह्यांनाच इकडे बोलवा.' बाप आला. पोरगा मोठा झाला आणि सराई चालवू लागला. स्वभाव मात्र तोच. खेचरांना उंचीप्रमाणे उभं करायचा. उतारूंना पहाटे बिगुल वाजवून उठवायचा आणि जेवायला रांगेने बसवायचा. लढाईची सगळी हौस त्याने ढेकणांवर भागवली. म्हातारा होऊन अंथरुणात मेला आणि त्याचं नाव खेचरवाल्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आणि मग लढाई झालीच नाही, ताई. मी परीक्षा दिली, गणितात नापास झालो आणि पुलावरून चालत घरी आलो. मागच्या खोलीत माझी खाट आहे. आईचा आवाज सकाळी स्वयंपाकघरातून येतो. आपण दोघं रोज भांडतो. छपराची गळती कोणी काढायची यावरून तू तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीस. खरं सांगू? तुझ्याशी तीन दिवस अबोला धरायची चैन मला एकदा तरी करायची आहे. वर्षातून सहा तास मिळत असले की माणसाला धड भांडताही येत नाही. त्यातला एक तास रांगेत जातो, एक तास आईच्या रडण्यात, आणि तू घंटेकडे बघायला लागलीस की मी घड्याळाकडे पाठ फिरवतो. पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोराच्या आतून मान उंच केली तर आपल्या घराचं छप्पर दिसतं, दोनच गल्ल्या मागे. तिथपर्यंत मी एकोणीस वर्षांत गेलेलो नाही.

मी काय केलं असतं म्हणतेस? मास्तर आहे मी. गच्चीवर चढून ओरडून सांगितलं असतं! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

गंमत ऐक. तुझा विषय मी आठवीला निबंधाला दिला: 'सेनापती दुसऱ्या देशात जन्मले असते तर'. मुद्दे फळ्यावर लिहून दिले: खिंड, बर्फ, सराई, बारा दिवसांचं बाळ, पाळणा. एकाने लिहिलंय, 'तर वीस मेची सुट्टी बुडाली असती, म्हणून ते इथेच जन्मले ते बरं झालं.' दुसऱ्याने चार पानं खेचरावरच लिहिली. एक निबंध मात्र इतका उतरलाय की तो मी मुलांच्या मासिकाकडे धाडून दिला. छापला तर अंक पाठवतो.

आईला सांग, या वर्षी मी टाचेचे बूट घालून येणार आहे. बघू रेघ कुठे येते.

बाळ्या

&nbsp;

६ मार्च

अरे मास्तरा, अरे गाढवा,

साहेब, ही घरगुती शिवी आहे, यात गुप्त काही नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी बहीण म्हणून तुला एक गोष्ट विचारते आणि तू ती फळ्यावर लिहितोस? तो निबंध परत मागव. आजच्या आज. पोस्टाने नको, स्वतः जा. सांग, शुद्धलेखनाच्या चुका राहिल्यात.

डावा हात दुधाच्या भांड्यावर नव्हता. आपल्या खेळात एकच नियम होता, विसरलास? सगळं खोटं बोलायचं, पण कान धरून जे सांगेल ते खरं (साहेब, पोरखेळ आहे हा, मनावर घेऊ नका). मी अंगणात कान धरून 'तुझी पाटी मी फोडली' म्हणाले होते, तेव्हा तू लगेच ओळखलंस. आता मास्तर झालास आणि अक्कल गेली.

मागचं पत्र पुन्हा वाच. मी ते अख्खं कान धरून लिहिलंय.

आईला मी सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' आणि मग बराच वेळ भिंतीकडे बघत बसली.

ताई

&nbsp;

१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचल्यापासून माझाच कान लाल झालाय. दुसऱ्या कुणी ओढायची गरज उरली नाही.

मी गेलो होतो. सकाळची पहिली गाडी पकडून मासिकाच्या कचेरीत गेलो. संपादकबाई हसून म्हणाल्या, 'मास्तर, अंक परवाच गेला.' वर मला एक अंक भेट दिला. मुखपृष्ठावर खेचर आहे.

इथल्या सेनापती स्मारक समितीत एक जुने दफ्तरदार आहेत, जन्म जुने कागद चाळण्यात गेलेला. त्यांची नात हे मासिक वाचते. नातीने आजोबांना निबंध वाचून दाखवला आणि आजोबा खुर्चीतून उठले. तुमच्या गावच्या जन्मनोंदीत सेनापतींचं नाव नाही हे त्यांना वीस वर्षं खुपत होतं म्हणे. त्यांनी मला बोलावलं. 'बारा दिवस हा आकडा कुठून आणलात?' मी म्हटलं, कल्पनेतून. 'मग दहा का नाही, पंधरा का नाही?' मी म्हटलं, बारा कानाला बरं वाटतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मलाच आठवीत बसल्यासारखं झालं.

शेवटी माझ्याकडून लिहून घेतलं: सर्व मजकूर काल्पनिक आहे. मी सही केली. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि त्याच हाताने खोट्याखाली सही केली. आईला भेटायला मिळणार असेल तर अशा शंभर करीन.

पण म्हातारा ऐकत नाही. दोन्हीकडची माणसं मिळून वीस एप्रिलच्या सुमारास पाळणा तपासायला तुमच्याकडे येणार आहेत. ताई, घर स्वच्छ ठेव. पाहुणे यायच्या आधी धूळ, कागदाचे कपटे, सगळं झाडून चुलीत टाकावं. तुला जास्त सांगायला नको.

माझ्या गाढवपणाने वीस मे गेला तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

बाळ्या

&nbsp;

२४ एप्रिल

बाळ्या,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा साहेबांसमोर सरळच लिहिते.

फळीखाली एक चिठ्ठी होती. सुईणीची. खिंडीपलीकडच्या सराईचा शिक्का, मुलगा, तारीख, आईचं नाव, बर्फ सरल्यावर बाराव्या दिवशी बाळ नेल्याची नोंद. सगळं स्वच्छ अक्षरात. तुझं पत्र आल्यावर मी ती चुलीपाशी नेली. तीनदा नेली. तुला वाटेल ताई घाबरली. घाबरले नाही रे, पण तीस वर्षं तो पाळणा मी पुसलाय, त्याच्या पोटातला कागद माझ्या हाताने जाळवेना. मग बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली.

बाविसाव्या तारखेला पाचजण आले. पाळणा उलटा केला, सुलटा केला, भिंगातून पाहिला. नवीन फळी बघून विचारलं, जुनी कुठे? सुतारकाका म्हणाले, जळणात गेली. काही सापडलं नाही. चार जण बाहेर पडले. तुझे ते दफ्तरदार तेवढे मागे रेंगाळले. आईने त्या दिवशी हट्टाने बाकावर आणून बसवायला लावलं होतं. त्यांनी वाकून तिला सहज विचारलं, 'आजी, तुम्हाला काही ठाऊक आहे का?'

आणि बाळ्या, आपल्या आईने चष्म्याचं घर उघडलं आणि त्यातून ती चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. 'घ्या,' म्हणाली. 'बारा दिवसांचा होता.'

डब्यातून कधी काढली देव जाणे. दफ्तरदार चिठ्ठी वाचता वाचता रडायला लागले, इतका आनंद झाला त्यांना. मला त्यांचं डोकं पाळण्यावर आपटावंसं वाटलं.

आज दोन दिवस मी आईशी बोललेले नाही. जेवण पुढे ठेवते आणि उठते. म्हातारीचं डोकं फिरलंय, दुसरं काय? ती मात्र मजेत जेवते. हुकूम काल आला. हे जन्मस्थळ नाही, तेव्हा पूल उघडायचं कारण उरलं नाही. या वर्षीपासून बंद. गल्लीत माझ्याकडे कुणी बघत नाही. पलीकडे मुलगी दिलेली समोरची काकू काल माझ्या तोंडावर दार लावून गेली. तिचं काय चुकलं?

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

ताई

&nbsp;

१० मे

ताई,

शाळेच्या फलकावर सूचना लागली. यात्रा रद्द. मी ती मुलांबरोबर उभा राहून वाचली.

आईसाठी मऊ तळव्यांच्या सपाता घेतल्या होत्या. तिची कंबर दुखते म्हणून दुकानात चार जोड स्वतः घालून पाहिले, लोक हसले. आता त्या कपाटात आहेत.

आईला सांग, मी रागावलेलो नाही. नको, सांगू नकोस, खोटं आहे. रागावलोय. तिला विचार, का केलंस. मी इकडे एक खोटी सही करून बसलोय, आणि तिने तिकडे खरं बोलून मला पुलाच्या पलीकडे ठेवलं. तिला मी नको झालो का?

बाळ्या

&nbsp;

२० मे

बाळ्या,

आज तो दिवस. दोर बांधले नाहीत. पूल रिकामा. मी सवयीने घड्याळाला चावी दिली.

आईने सकाळीच सांगितलं, 'मला बाकावर ने.' मी म्हटलं, 'कशाला? कोण येणार आहे?' 'तू ने.' सुतारकाका आणि मी खुर्चीत घालून नेलं. तिथे बसल्यावर तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. 'तिला मी नको झालो का' इथे आले आणि मी कागद खाली ठेवला. आई म्हणाली, 'वाच, वाच.' मग म्हणाली, 'भिंतीवरचं ते कलम वाच.'

मी चिडून म्हटलं, 'पाठ आहे मला.' 'पाठ आहे म्हणूनच तुला कळत नाही. वाच.'

वाचलं. दोन्ही देशांतल्या कुणाही माणसाला सेनापतींच्या जन्मस्थळाच्या दर्शनापासून अडवू नये. 'यात आपल्या गावाचं नाव आहे?' आईने विचारलं. नाही. 'सहा तास कशाला म्हटलंय?' पुलाला. 'खिंडीत पूल आहे?'

बाळ्या, मी काचेवर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. तीस वर्षं रोज ते मी लोकांना वाचून दाखवलं, आणि कळलं कुणाला, तर बाकावर बसून ऐकणाऱ्या म्हातारीला. जन्मस्थळ आता सराई. तुझं सरकार तुला अडवू शकत नाही, माझं मला. खिंडीपलीकडचा देश कुणाशीच भांडत नाही, येईल त्याला येऊ देतो. दोर नाही, घंटा नाही. दफ्तरदारांचा कागदही आलाय: पाळणा सराईत पोचवायचा आहे, राखणदाराने सोबत यावं. भक्तांना महिन्याचा परवाना, संपला की पुन्हा अर्ज करायची मुभा. समोरच्या काकूला मी धावत जाऊन सांगितलं. ती आता सेनापतींची इतकी भक्त झालीय की विचारू नकोस.

मी आईला म्हटलं, 'मग मला आधी सांगायचं नाही का?' 'सांगितलं असतं तर तू दिली असतीस चिठ्ठी? तू म्हणाली असतीस, आईला खिंड चढवत नाही, राहू दे.' तेच म्हणाले असते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दोन दिवसांची गाडी आणि ती विरळ हवा तिला सोसायची नाही.

'एकोणीस वर्षांचे सहा-सहा तास,' आई म्हणाली, 'सगळे मिळून पुरते पाच दिवस होत नाहीत. पाच दिवस भेटलाय मला माझा मुलगा. आणखी एखादा मे मिळाला असता, म्हणजे आणखी सहा तास. मग मी गेले असते, आणि तुम्ही दोघं म्हातारी पोरं त्या घंटेकडे बघत बसला असता. मी आई आहे ना तुमची? मग मला माझ्यापुरतं बघून कसं चालेल?'

मी खूप रडले. तिनेही रडायला सुरुवात केली, मग मध्येच थांबून म्हणाली, 'माझी पेन्सिल घरी राहिली.'

ताई

&nbsp;

८ जून

ताई,

मी येणार नाही. आईला सोडून मी कुठल्याही खिंडीत जाणार नाही. तिला सांग, तिचा मुलगा तिच्याइतकाच हट्टी आहे.

पाळण्यात घालून नाही का आणता येणार तिला? सेनापतींना आणलं होतं तसं? चेष्टा नाही करत. काल रात्रभर हाच विचार केला.

पुन्हा कधीच नाही, ताई? चौकटीपाशी उभं राहिलं की तिचा हात डोक्यावर टेकायचा. ती रेघ ओढताना डोकं दाबून धरायची, मी टाचा उचलू नये म्हणून. ते पुन्हा कधीच नाही?

बाळ्या

&nbsp;

३० जून

बाळ्या,

आईचा निरोप शब्दाला शब्द: 'त्याला म्हणावं, मी चिठ्ठी फुकट दिली नाही. मुकाट्याने ये.'

माझ्याजवळ तिने एक दोरा दिलाय. चौकटीवरच्या तुझ्या शेवटच्या रेघेपासून जमिनीपर्यंत सुतारकाकांकडून मोजून घेतलाय. सराईच्या दाराशी तुला उभं करायचं, डोकं दाबून धरायचं, नव्या उंचीवर गाठ मारायची आणि दोरा परत पाठवायचा. टाचेचे बूट चालणार नाहीत.

सतरा जुलैला मी पोचते. ये.

ताई

&nbsp;

२ ऑगस्ट, सराई

आई,

अर्धं पत्र मी लिहितोय, अर्धं ताई. एका कागदावर आम्ही दोघांनी लिहिलेलं हे पहिलंच पत्र.

सराई तशीच आहे जशी मी कल्पनेत पाहिली होती, फक्त ढेकूण जास्त. मालकाला सेनापती कोण हे ठाऊक नव्हतं. आता रोज माणसं येऊन पाळण्यापुढे उभी राहतात, तेव्हा तो विचारतो, 'एवढं काय केलं होतं त्यानं?' समोरची काकू आणि तिची मुलगी मागच्या खोलीत आहेत. पहिले दोन दिवस त्या नुसत्या एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. आम्हीही.

पहिल्या दिवशी सहा तास झाले आणि ताई उठून उभी राहिली. कुणी काही म्हटलं नव्हतं. सवयीने उठली. मग दोघंही हसलो, आणि मग नाही हसलो.

तू असायला हवी होतीस, आई. रोज सकाळी वाटतं. चहा तीन कपच ओततो आम्ही. मला तुझा राग आला होता, तो कधी गेला ते कळलंच नाही. तुझ्या सपाता ताईकडे दिल्यात. तळवे मऊ आहेत, मी घालून पाहिलेत.

आता ताई लिहितेय. आई, त्याचं ऐकू नकोस, चहा तो ओतत नाही, मीच ओतते. चौदाव्या दिवशी आमचं कडाकडा भांडण झालं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. हा मला म्हणाला, 'तू नेहमीच अशी.' मी म्हटलं, 'तुला काय माहीत मी नेहमी कशी?' दीड दिवस बोललो नाही. तीन दिवसांचा बेत होता त्याचा, पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच कान धरून आला.

उभा केला त्याला दाराशी. डोकं तू धरतेस तसं दाबून धरलं. दोरा दोन बोटं उरलाय. खचतोय तुझा मुलगा. गाठ मारून दोरा सोबत पाठवतेय. याचा परवाना पंधरा दिवसांत संपतो, पुन्हा अर्ज केलाय, पण मला तुझी काळजी लागलीय. तू म्हणशील तर मी उद्या निघते.

ताई, बाळ्या

&nbsp;

१४ ऑगस्ट

ताई आणि मास्तर,

मी सुतार. आजी सांगतात तसं लिहितोय, शुद्धलेखन मास्तरांनी बघू नये.

आजी म्हणतात: पत्र मिळालं. साहेबांनी या वेळी नीट चिकटवलं होतं, त्यांना सांगा म्हातारीने आभार मानलेत. सपाता ताई आणेल तेव्हा घालीन, तोवर जुन्या चालतात.

दोरा मिळाला. खाटेशेजारच्या भिंतीला, जमिनीपासून वर, सुताराकडून खिळ्याने लावून घेतला. बसल्या जागेवरून हात पुरता वर केला की गाठ बोटांना लागते. तिथे बाळ्याचं डोकं. सकाळी एकदा हात लावते, संध्याकाळी एकदा. पुरतं मला.

माझी काळजी करू नका. सुताराची बायको दोन वेळा येते आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. ताई, बर्फाच्या तोंडावर ये, त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही. बाळ्या, परवाना मिळाला नाही तर तिथेच बसून राहा, कोण उठवतंय बघू.

भांडलात ते वाचून बरं वाटलं. अजून भांडा. खिडकी उघडी ठेवा, ताईला लहानपणापासून गुदमरतं.

जन्मघराची घंटा ताई इथेच विसरून गेली. ती मी आणवून घेतलीय. माझ्या उशाशी आहे, आणि मी काही ती वाजवत नाही. घाई करू नका.

आई